देवाच्या हाती दिलेली मुलगी

दौंडहून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्या आम्हा कॉलेजच्या मुलींना केडगाव स्टेशन ओळखीचे असते ते एका अगदी क्षुल्लक कारणासाठी. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तेथे बरीच माणसे उतरतात आणि पुण्यापासून उभे राहून आलेल्यांना टेकायला जागा मिळते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, एवढे शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक होते. पण तीन वर्षांत मी त्या स्टेशनवर एकदाही उतरले नव्हते.

तशी वेळ आणली आमच्या मराठीच्या बाईंनी. एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांवर प्रत्येकीने निबंध लिहायचा होता. चिठ्ठ्या टाकल्या. मैत्रिणींना सावित्रीबाई फुले, आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे आल्या आणि मला पंडिता रमाबाई. खरे सांगायचे तर मी नाराज झाले. रमाबाई म्हटल्या की धर्मांतर आले, प्रार्थना आली, देवावरचा भरवसा आला, आणि यांतल्या कशावरच लिहिण्याची माझी मनःस्थिती नव्हती. माझे वडील जाऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. ते आजारी असताना घरी येणारे प्रत्येक माणूस आईला आणि मला एकच सांगे, की देव आहे, तो बघेल. त्याने काय बघितले ते आम्ही बघितले. तेव्हापासून हे वाक्य कोणी उच्चारले की माझ्या डोक्यात तिडीक उठते. आणि ज्या बाईंचे सारे आयुष्य त्या एका वाक्यावर उभे, त्यांच्यावरच मला लिहायचे होते!

निबंध मी दिला, गुणही बरे मिळाले. पण त्यात जे लिहिले नाही ते येथे लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यातला, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. तरुणपणी ते पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशवीणबाईंना संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत शिकू शकते हे त्यांनी तेव्हा पाहिले आणि ते वेड डोक्यात घेऊनच ते घरी परतले. घरच्यांनी ते वेड चालू दिले नाही. पुढे दुसरे लग्न झाले, तेव्हा शास्त्रीबुवा चव्वेचाळीस वर्षांचे आणि वधू लक्ष्मीबाई नऊ वर्षांची. हे वाचताना आज अंगावर काटा येतो. पण याच गृहस्थाने त्या पोरवयाच्या बायकोला समोर बसवून संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्रातल्या वचनांनी आपली बाजू मांडली, हेही खरे आहे. माणसे अशी एका रंगाची नसतात.

अरण्यातल्या त्यांच्या आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता फार. त्या आदरातिथ्यापायी कर्ज झाले आणि आश्रम सोडावा लागला. सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून गड्याच्या डोक्यावरून डोंगर उतरवले. तेथून पुढे या कुटुंबाला घर असे राहिलेच नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळाच्या ओवरीत मुक्काम, पुराण सांगायचे आणि लोक श्रद्धेने देतील त्यावर जगायचे. वडील थकले होते, म्हणून रमेला आईने शिकवले. पहाटे झोपेतून उठवून, मांडीवर घेऊन. थोरल्या मुलीचे बालविवाहाने वाटोळे झालेले शास्त्रीबुवांनी पाहिले होते, म्हणून धाकटीचे लग्न त्यांनी लहानपणी केले नाही. त्या काळी याहून मोठा अपराध नव्हता.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, १८७० नंतरच्या दशकातला. या भागाविषयी रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि मला वाटते, मराठी मुलखातल्या प्रत्येक मुलाने ते एकदा वाचावे. शास्त्रीबुवांचा देवावर पूर्ण विश्वास. असेल नसेल ते त्यांनी देवापुढे ठेवले, ब्राह्मणांना दान केले, अनुष्ठाने केली, प्रदक्षिणा घातल्या. पैसा संपला, दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, शेवटी तांदळाचा शेवटचा दाणा संपला. अंगमेहनत करणे वा भीक मागणे पंडिताच्या घराला ठाऊक नव्हते. तिरुपतीजवळच्या अरण्यात ही पाच माणसे मरण्यासाठी गेली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या शास्त्रीबुवांनी पवित्र तळ्यात देह सोडायचे ठरवले आणि निरोप घ्यायला एकेकाला जवळ बोलावले.

सर्वांत धाकटी म्हणून रमेला त्यांनी कुशीत घेतले. ती किती लाडकी हे सांगितले, तिला कसे शिकवले त्याची आठवण करून दिली, आणि मग म्हणाले, की तुला मी आपल्या देवाच्या हाती दिले आहे. आता तू त्याची, जन्मभर त्याचीच सेवा कर.

येथे मी पुस्तक मिटले. मला संताप आला. ज्या देवाने घरातला शेवटचा दाणा संपेपर्यंत तोंड दाखवले नाही त्याच्याच हाती हे अंध वडील मुलीला देत होते. माझ्या वडिलांनी शेवटच्या रात्री माझा हात काकांच्या हातात दिला होता. काका निदान दिसतात तरी. महिन्याला रेल्वेचा पास काढून देतात.

दोन दिवसांनी पुन्हा पुस्तक उघडले ते निबंधाची तारीख जवळ आली म्हणून.

तळ्यात उडी घेण्याची वेळ आली नाही. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन. पण शास्त्रीबुवांना ताप भरला आणि ते गेले. काही काळाने रायचूरला आई गेली. मरणापूर्वी ती भुकेने तळमळत होती, तेव्हा रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात गेल्या. भीक कशी मागतात ठाऊक नव्हते. शब्द फुटेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईने बाजरीची भाकर दिली. ती आईपुढे नेली तेव्हा तिच्यात खाण्याचे त्राण उरले नव्हते. तिला न्यायला फक्त दोन ब्राह्मण तयार झाले. उरलेले खांदेकरी म्हणजे मुलगा आणि मुलगी. उंची कमी पडे म्हणून रमाबाईंनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेऊन स्मशानापर्यंतचे तीन मैल काटले. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

उरली दोघे भावंडे. पायीपायी ती पंजाब, काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. स्वतःच्या हाताने खणलेल्या थडग्यात झोपण्यासारखेच ते. या वाटेवर दोघांचा तीर्थांवरचा आणि मूर्तींवरचा विश्वास गळून पडला. शास्त्रांत सांगितले ते सगळे वडिलांनी केले होते आणि फळ काय मिळाले ते त्यांनी पाहिले होते.

१८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची कुमारिका घडाघडा संस्कृत बोलते, भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत आहेत, हे पाहून तेथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले. सगळे आता कुठे मार्गी लागते आहे तोच १८८० च्या मे महिन्यात डाक्क्याला श्रीनिवासशास्त्रीही पटकीने आजारी पडले. त्यांना स्वतःच्या मरणाची नव्हे, बहिणीची काळजी होती. जगात तिला कोणी उरणार नव्हते. रमाबाईंनी त्यांना सांगितले, की तुझी नि माझी काळजी वाहायला देवाशिवाय कोणी नाही. यावर भाऊ म्हणाला, देव काळजी वाहतो ना, मग मला कशाची भीती नाही. आणि त्या एकटेपणात आपल्याला देव खरोखर जवळ असल्यासारखे वाटले, असे रमाबाईंनी नोंदवून ठेवले आहे.

हा देव कोणता? वडिलांचा तिरुपतीचा देव त्यांनी सोडला होता आणि ख्रिस्ताची ओळख अजून झाली नव्हती. त्या देवाला नाव नव्हते. फक्त तो काळजी वाहणारा होता. मला वाटते, रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या धर्मशोधाची सुरुवात येथे आहे. वडिलांनी आपल्याला ज्याच्या हाती दिले तो नेमका कोण, हे त्या मुलीला शोधून काढायचे होते.

भाऊ गेल्यावर महिन्याभरातच, १३ जून १८८० रोजी, त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जात ब्राह्मणेतर. केवढा गहजब झाला असेल! १६ एप्रिल १८८१ ला सिलचर येथे मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीनेच बिपिनबाबूंनाही नेले. वीस महिन्यांचा संसार. या घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले होते, लूकचे शुभवर्तमान.

मी मुद्दाम लूकचे शुभवर्तमान मिळवून वाचले. चार शुभवर्तमानांपैकी उधळ्या मुलाची गोष्ट फक्त याच एकात आहे. वाटणी घेऊन गेलेला, सगळे उधळून परत येणारा मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. क्रुसावर प्राण सोडताना येशू पित्याला हाक मारून आपला आत्मा त्याच्या हाती सोपवतो, तेही फक्त लूकनेच लिहिले आहे. हाती सोपवणे हा शब्द वाचून मी थबकले. अनंतशास्त्र्यांचाही शब्द हाच होता. रमाबाईंना तेव्हा हे जाणवले की नाही, हे मी कसे सांगू? पण तिरुपतीच्या अरण्यात ऐकलेला तो शब्द त्या विसरल्या नसतील.

पुढची काही वर्षे सर्वांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये तान्ह्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. लंडनमध्ये त्या भगिनी, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना जवळ घेतात हे त्यांनी पाहिले होते, आणि पतित स्त्रीला असे जवळ घ्या म्हणणारे शास्त्र आपल्याला आजवर कोठे भेटले नाही, हा विचार त्यांच्या मनात ठसला. तरी इंग्लंडातही त्या कोणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवून दुसऱ्या पुरोहितांचे घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि बिशपचा अधिकार निमूटपणे मानावा असे म्हणणाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले.

शारदा सदन विधवांसाठी होते. तेथे धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचे चुकले का? मी दोन्ही बाजू वाचल्या. विश्वासाने मुली ठेवलेल्या आईबापांना आपण फसवलो गेलो असे वाटले असेल तर ते खोटे म्हणता येत नाही. पण ज्या विधवेला घरात कोणी नावानेही हाक मारीत नव्हते, तिने कोणाचे तरी ऐकून एखादा देव स्वतःहून निवडला, याचा एवढा राग येणाऱ्यांना ती घरात उपाशी असताना राग आला नव्हता, हेही मला विसरता येत नाही.

या वादळाच्या आसपासच रमाबाईंच्या मनात दुसरीच उलथापालथ चालू होती. बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षे झाली होती. एक दिवस त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. वडिलांनी जशी अनुष्ठाने केली तसाच आपण एक नवा धर्म पाळतो आहोत. वडिलांचा देव काहीतरी दिले तर प्रसन्न होणार होता. म्हणून शास्त्रीबुवा देतच राहिले, थेट दाणा संपेपर्यंत. ख्रिस्ती माणूस देवाला पिता म्हणतो तेव्हा त्याला उलटे म्हणायचे असते. मुलाला घरात जागा मिळते ती त्याने काही दिले म्हणून नव्हे, तो मूल आहे म्हणून. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थनाच पित्याला हाक मारून सुरू होते आणि तीत मागितली आहे ती आजची भाकर. उद्याचीसुद्धा नाही. आपल्याकडे देवाला माउली म्हणायची रीत. नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्तालाही मायच केले. रमाबाई त्या वाटेने गेल्या नाहीत. त्यांचा शोधच बापाने सांगितलेल्या एका गोष्टीतून सुरू झाला होता.

त्या काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले. म्यूलरांनी कोणापुढे पैशासाठी हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुले सांभाळली. हिंदुस्थानात हे का होऊ नये, असे रमाबाईंच्या मनाने घेतले. १८९५ च्या सुमारास लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्याबरोबरच्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन गेल्या, आणि या पंधरांचा वर्ग कर, दोनशे पंचवीस मुली दे, असे देवापाशी मागितले. गणित करून मागणारी ही बाई मला फार आवडली. बापाजवळच असा नेमका हट्ट करता येतो.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आरंभी रमाबाईंचे पाऊल उचलेना. स्वतःचा दुष्काळ डोळ्यांपुढे उभा राहिला. एवढ्यांना आणून ठेवणार कोठे, खाऊ घालणार काय? तरी त्या गेल्या. छावण्यांतून, गरीबखान्यांतून हिंडल्या. अनाथ मुलींवर टपलेली माणसे त्यांनी तेथे पाहिली आणि सापडतील तेवढ्या मुली उचलून आणल्या. शेकडो. लोणावळ्याचा आकडा कधीच मागे पडला. पुण्यात प्लेगमुळे अधिकाऱ्यांनी त्यांना ठेवू दिले नाही, तेव्हा केडगावला घेऊन ठेवलेली शंभरेक एकर जमीन कामी आली. तेथे आधी तंबू उभे राहिले, मग छपरे, मग इमारती. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथली वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. बोस्टनची दहा वर्षे १८९८ मध्ये संपली. अमेरिकेतल्या मंडळाची मदत नव्या रूपात पुढे चालू राहिली हे खरे, पण एवढ्या तोंडांना ती पुरणारी नव्हती. रमाबाई रोजची गरज प्रार्थनेत मांडीत. अवर्षणात केडगावच्या विहिरी संध्याकाळी तळ गाठीत आणि सकाळी त्यांत पुन्हा त्या दिवसापुरते पाणी असे. याला कोणी चमत्कार म्हणेल, कोणी झरे म्हणेल. रमाबाई म्हणतील, झरे कोणाचे?

पण माझा प्रश्न विहिरींनी सुटला नाही. आणलेल्या मुलींपैकी कित्येक जणी आल्या त्याच मरणाच्या वाटेवर असलेल्या. हाडांचे सापळे. पोटात अन्न ठरत नसे. बाप आहे, काळजी वाहतो, मग या का गेल्या? रमाबाईंना हा प्रश्न पडला नसेल असे मला वाटत नाही. बाजरीची भाकर घेऊन आईजवळ उशिरा पोचलेली मुलगी होती ती.

याच प्रश्नापायी मी एका शनिवारी केडगावला उतरले. मिशन आजही चालू आहे. कोणाला काही विचारायचे धाडस झाले नाही. आवारात झाडे खूप आहेत. शाळकरी मुली घोळक्याने जात होत्या, त्यांतल्या एकीने मला पाणी हवे का म्हणून विचारले. मी प्यायले आणि झाडाखाली बसून वही काढली. काय लिहावे सुचेना, म्हणून मनोरमेच्या तारखा लिहून काढल्या.

मनोरमा म्हणजे रमाबाईंचे सर्वस्व. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेली, आईची शाळा सांभाळणारी, गुलबर्ग्याला नवी शाखा काढणारी. रमाबाईंना फार पूर्वीपासून कमी ऐकू येई, त्यामुळे ती त्यांचे कानही होती. मुक्तीचे सगळे पुढे तिच्याच हाती जायचे होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला ती वारली. चाळीस वर्षांची. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. वडिलांनी त्यांना देवाच्या हाती दिले तेव्हा त्यांच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. रमाबाईंनीही आता लेक त्याच हाती दिली, आणि हा हात त्यांच्या ओळखीचा होता.

येथे मला एक गोष्ट कळली, ती मला कबूल करायला जड जाते. देव बघेल असे आमच्या घरी म्हणणाऱ्यांचा अर्थ होता, की वडील वाचतील. रमाबाईंचा भरवसा तसा नव्हता. तो तसा असता तर डाक्क्यालाच संपला असता. गेथशेमाने बागेत येशूनेही हा पेला टळावा म्हणून पित्याला विनवले होते आणि पेला टळला नाही. तरी दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्याने हाक मारली ती पित्यालाच. श्रीनिवासशास्त्री मरताना मी जगेन असे म्हणाले नव्हते. मला भीती नाही एवढेच म्हणाले होते. मला तसे म्हणता येईल का? नाही. पण ते म्हणणाऱ्याची चीड आता येत नाही. आणि माझ्या वडिलांनी त्या रात्री काकांच्या हातात माझा हात दिला, तेव्हा ते नुसते काकांच्या भरवशावर बोलत होते का, हे मला आता नक्की सांगता येत नाही. काकांची नोकरी तेव्हा सुटली होती.

लेक गेल्यावर रमाबाईंना फार दिवस मिळाले नाहीत आणि त्यांना ते बहुधा ठाऊक होते. गेली सतरा-अठरा वर्षे त्या एक काम करीत होत्या. अडाणी बायकांना समजेल असे बायबल मराठीत आणायचे, तेही मूळ भाषांवरून. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायचे, छापायचे काम केडगावच्या छापखान्यात मुक्तीच्याच मुलींनी केले, ज्या कधीकाळी छावणीतून उचलून आणल्या होत्या. हे मराठी काही ठिकाणी ओबडधोबड आहे, संस्कृतच्या पंडितेचे वाटत नाही. पण जो शब्द देवळातल्या ओवरीत बसून पुराण ऐकल्याशिवाय कळणार नाही तो त्यांना मुळी नकोच होता.

शेवटच्या आठवड्यांतही मुद्रिते तपासणे चालू होते. तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे रमाबाई झोपेतच गेल्या. छापखाना बंद पडला नाही. मुली खिळे जुळवीत राहिल्या आणि दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, पुस्तक बाहेर आले.

त्या शनिवारी परतीची गाडी उशिरा आली. गर्दी होती. केडगावला मी चढणारी होते, त्यामुळे दौंडपर्यंत उभीच आले.